सोललेलं अंडं

माझ्या सासूला, झांबिलाला, गप्प बसवणं कुणालाच जमलं नाही. ना तिच्या नवऱ्याला, ना पोलिसांना, ना चर्चमधल्या पाद्रीबाबांना. ते शेवटी हॉस्पिटलने करून दाखवलं. आणि ज्या आठवड्यात तिथे तिची वाचा बंद झाली, त्याच आठवड्यात त्याच इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये आमच्यासारख्या लोकांचा सन्मान कसा करावा यावर भाषणं चालली होती. ही गोष्ट मी शांतपणे सांगेन असं कुणाला वाटत असेल तर आधीच सांगते, ते मला जमणार नाही.

आम्ही रोमा, त्यातले तांबट. रोमेनियात ओल्त नदीच्या काठाला आमची वस्ती. पुरुष आलुबुखाराची दारू गाळायचे हंडे ठोकतात आणि बायका ते बाजारात उभ्या राहून विकतात. झांबिला हंडा विकायची म्हणजे बघत राहावं. गिऱ्हाईक जरा रेंगाळलं की हंडा उचलायची, त्याच्या कानाशी न्यायची आणि बोटातल्या अंगठीने ठोकायची. "ऐकलंस? तुझ्या गावच्या चर्चची घंटा अशी वाजते का रे?" गिऱ्हाईक हसलं की हंडा विकला गेलाच. एकदा एक पोलीस म्हणाला, हे सामान इथून हलव. हिने एवढा मोठा हंडा उचलला आणि त्याच्याच हातात दिला. "हलव बाबा, तू तरणा आहेस." तो बिचारा हंडा घेऊन तसाच उभा, आणि ही पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागलेली.

मी सून होऊन आले तेव्हा मला साधी मक्याच्या पिठाची मामालिगासुद्धा धड ढवळता येत नव्हती. गुठळ्या व्हायच्या. झांबिला माझ्या मागे उभी राहून म्हणायची, "मिंद्रा, हात आहेत की लाकडं? तुझ्या आईने तुला काय फक्त केस विंचरायला शिकवलं?" पण वस्तीतली दुसरी कुणी बाई माझ्या गुठळ्यांवर हसली की तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मला बोलायचा हक्क फक्त तिचा होता.

घरात तिचा एक कायदा होता. तिचा म्हणजे आमच्या सगळ्यांचाच, पण पाळून घ्यायची ती. कमरेच्या वरचं वेगळं, कमरेच्या खालचं वेगळं. तोंड धुवायचं भांडं एक, पाय धुवायचं दुसरं. साबण दोन, टॉवेल दोन. बायकांचे घागरे पुरुषांच्या शर्टांबरोबर धुवायचे नाहीत, आणि जेवणाच्या टेबलावरच्या फडक्याबरोबर तर नाहीच नाही. यात चूक झाली की विटाळ. विटाळलेल्या भांड्यात कुणी जेवत नाही, विटाळलेल्या माणसाच्या हातचं कुणी खात नाही. नवीन असताना मी एकदा डोक्याचा रुमाल चुकून दुसऱ्या भांड्यात भिजवला. झांबिलाने मला एक शब्द विचारला नाही. रुमाल चुलीत घातला.

आणि याहून मोठा कायदा म्हणजे हे बोलायचं नाही. बाईने कमरेखालचं काही पुरुषांसमोर काढायचं नाही, सुनेने सासऱ्यासमोर तर मुळीच नाही. नुसतं बोललं तरी ऐकणाऱ्याची लाज जाते. भर बाजारात पोलिसाला हंडा उचलायला लावणारी माझी सासू या एका बाबतीत कुजबुजायची.

तिला शुगर होती. मागचा हिवाळा सरता सरता तापलेला तांब्याचा खिळा पायावर पडला. चटका बसला तरी तिला कळलंच नाही, शुगरने पाय बधिर झालेला. फोड दिसला तेव्हा नेहमीप्रमाणे कोबीचं पान बांधलं, वर लोकरी मोजा चढवला आणि बाजारात गेली. मोजा काढला तेव्हा बोट काळं पडलं होतं आणि वास येत होता. माझा सासरा इस्पास आणि माझा नवरा त्राइयान यांनी तिला व्हॅनमध्ये घालून जिल्ह्याच्या गावच्या हॉस्पिटलात नेलं. अख्खी वस्ती मागे गेली. आमच्यात आजारी माणसाला एकटं टाकत नाहीत. एकटं टाकणं म्हणजे तू मेलास तरी चालेल असं सांगणं.

डॉक्टर पावेलेस्कू बाहेर आले, कॉरिडॉरमध्ये दाटीवाटीने बसलेल्या आमच्या बायाबापड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "इथे काय जत्रा भरलीय?" मग हुकूम सुटला. एक माणूस, दुपारी, थोडा वेळ. बाहेरचं अन्न बंद, कारण पेशंटला शुगर आहे. तो एक माणूस म्हणून मला निवडलं, कारण मी शाळेत गेलेली आणि माझी रोमेनियन भाषा त्यांच्यासारखी. उरलेले सगळे फाटकाबाहेर गवतावर बसले. एवढं खरं, की पायाचं काम डॉक्टरांनी चांगलं केलं. बोट गेलं, पाय वाचला. ते मी नाकारत नाही.

ऑपरेशननंतर मी गेले तेव्हा झांबिलाने मला हाताने खाली ओढलं आणि कानात बोलायला लागली.

"काल सकाळी ती मावशी आली. गरम पाणी आणलं स्टीलच्या तसराळ्यात. माझं तोंड पुसलं. मी म्हटलं, देव तुझं भलं करो. मग त्याच पाण्यात तेच फडकं बुडवलं आणि..." ती थांबली.

"खाली?"

"खाली. आणि पाय. आणि मग ते तसराळं कुठे ठेवलं सांग? या टेबलावर. इथेच माझं ताट ठेवतात. चमचा इथेच, पाव इथेच."

"मग तुम्ही खाता काय, आई?"

"अंडं," ती म्हणाली. "सकाळी उकडलेलं अंडं येतं, टरफलासकट. टरफलाच्या आत काही शिरत नाही. एकदा संत्रं मिळालं."

"आणि बाकीचं?"

तिने हनुवटीने शेजारची खाट दाखवली. तिथे लेलिया नावाची एक गाववाली जाडी बाई घोरत होती. "चांगली आहे बिचारी. दोघींचं खाते. माझं ताट चाटूनपुसून परत जातं." मला हसू आलं. तिलाही आलं. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं. "इस्पाससमोर एक शब्द नाही. डॉक्टरसमोर तर नाहीच. पुरुष आहे तो. शपथ घे."

मी शपथ घेतली. पण सिस्टर बाई होती, आणि बाईला सांगायला हरकत नव्हती. सिस्टर ओलिंपिया वयस्क, थोराड, दिवसभर उभी राहून पाय सुजलेली. मनाने वाईट नव्हती. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सासू जेवत नाही, ताट शेजारीण खाते, ती जगतेय ती फक्त टरफलातल्या अंड्यावर, कारण भांडं विटाळलंय.

"अगं बाई," ती म्हणाली, "ती भांडी वाफेच्या मशीनमधून उकळून येतात. तुमच्या घरच्या भांड्यांपेक्षा स्वच्छ असतात."

"स्वच्छ आहेत हो. पण विटाळलेली आहेत."

"म्हणजे घाणच ना?"

"नाही. घाण धुतली की जाते."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला चंद्रावरची भाषा ऐकवतेय. "घरचं भांडं आणि चमचा आणू का?" मी विचारलं. ते नियमात बसत नव्हतं. "बरं, तू जा," ती म्हणाली, "उद्या मी स्वतः लक्ष घालते. माझ्या हाताने भरवते म्हातारीला." आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात प्रेमाचाच होता, त्याचाच तर जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर खालच्या हॉलच्या दाराला फुगे लावले होते. 'विविधतेचा सन्मान, आरोग्याचा अधिकार' असा फलक होता आणि त्यावर घागरा घातलेल्या, वेण्यांत नाणी गुंफलेल्या एका पोरीचा हसरा फोटो. ती पोर आमच्यातली नव्हती. आमच्यातली कुठलीही मुलगी घागरा असा गुडघ्याच्या वर उचलून कॅमेऱ्यासमोर उभी राहणार नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई धावत माझ्याकडे आली. "अय्या, किती सुंदर पोशाख! तुम्ही नाचाच्या ग्रुपमधल्या ना? एक फोटो काढू?"

"माझी सासू वर ॲडमिट आहे," मी म्हटलं.

"हो का? मग परत जाताना काढू," ती म्हणाली.

वर गेले तर झांबिलाच्या खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे लावलेले. हातात सलाईन. चेहरा राखेसारखा, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि जीभ जड. मी "आई" म्हटलं तर डोळे माझ्याकडे वळले, पण ओळखायला वेळ लागला. काय झालं ते लेलियाने सांगितलं, रडत रडत. सकाळी नेहमीसारखं इन्शुलिनचं इंजेक्शन दिलं. मग सिस्टर ओलिंपिया स्वतः नाश्ता घेऊन आली, खाटेवर बसली, आणि म्हातारीचे हात थरथरतात म्हणून तिने अंडं सोललं. छान सोललं, कापलं, मीठ भुरभुरवलं, त्या ताटात, त्या टेबलावर. तेवढ्यात दुसऱ्या खोलीतून बेल वाजली आणि ती धावत गेली. झांबिला त्या सोललेल्या अंड्याकडे बघत राहिली. मग तिने ताट लेलियाकडे सरकवलं.

"मी खाल्लं गं," लेलिया म्हणाली. "रोज खाते तसं खाल्लं. मला काय माहीत तिच्या पोटात दुसरं काहीच नाही?"

अंगात इन्शुलिन आणि पोटात काही नाही. थोड्या वेळाने झांबिलाला खाटेवरच झटके येऊ लागले. एका सोललेल्या अंड्यापायी माझी सासू मरायला टेकली होती. बरं, कुणी तिचं वाईट चिंतलेलं नव्हतं. सगळे तिचं भलंच करत होते, आणि भलं करताना तिला काय हवं ते विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती.

डॉक्टरांनी घरच्या माणसांना बोलावलं होतं. इस्पास, त्राइयान आणि दोन चुलते कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून उभे होते, टोप्या हातात. डॉक्टर पावेलेस्कू जिन्याने वर आले. छातीवर खालच्या कार्यक्रमाचा बिल्ला, हातात कागदी कपातली कॉफी. त्यांचं भाषण नुकतंच संपलं होतं असं वाटलं, कारण आवाज अजून भाषणाचाच होता.

"तुम्ही हिला बाहेरून काही दिलंत का? जडीबुटी वगैरे?"

"नाही," इस्पास म्हणाला.

"मग ऐका. ही बाई जेवत नाही आणि जेवले म्हणून खोटं सांगते. असं चालणार नाही. आज नाकातून नळी घालून आम्ही तिला अन्न देऊ. नळी उपसली तर हात बांधावे लागतील. उद्या मनोविकाराचे डॉक्टर येऊन तपासतील. तुम्ही नवरा ना? तुम्हीच सांगा, ही का जेवत नाही?"

दार उघडं होतं. आतून झांबिलाचा आवाज आला. शब्द नव्हता, नुसता घशातला आवाज. हात बांधणार हे तिने ऐकलं होतं. तिच्या दृष्टीने जे ताट विटाळलेलं, तेच अन्न आता नळीने तिच्या आत ओतणार होते, हात बांधून.

मी इस्पासकडे बघितलं. त्याला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं, पण त्याला माहीत होतं. ज्याचं अख्खं आयुष्य त्या दोन भांड्यांच्या घरात गेलं, त्याला एवढं कळणार नाही? त्याने टोपी हातात फिरवली. जमिनीकडे बघितलं.

"म्हातारी आहे," तो म्हणाला. "हट्टी आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोला वेडी ठरवा, तिचे हात बांधा, पण याच्या समोर ती गोष्ट बोलू नका! चुलते मूग गिळून उभे. माझा नवरा बुटांच्या टोकाकडे बघत. हंडे ठोकणारे एवढे धट्टेकट्टे पुरुष, आणि एका शब्दाला घाबरलेले.

मी शपथ मोडली.

"डॉक्टर, ती वेडी नाही," मी म्हटलं. "तुमच्या माणसाने ज्या पाण्याने तिचं तोंड पुसलं, त्याच पाण्याने तिला मांड्यांमध्ये पुसलं, आणि ते भांडं तिच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तिच्यासाठी ते टेबल, ते ताट, तो चमचा सगळं विटाळलंय. ती मरेल पण त्यातलं खाणार नाही."

चुलत्यांनी तोंडं भिंतीकडे फिरवली. खरोखर फिरवली, पोरांना शाळेत उभं करतात तशी. त्राइयान म्हणाला, "मिंद्रा!" इस्पासचे कान लाल झाले. "गप्प बस, सुनबाई. लाज नाही का तुला?"

"आहे ना, बाबा," मी म्हटलं. "म्हणूनच बोलतेय. तुम्हाला असती तर मला बोलावं लागलं नसतं."

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास टाकला. "एवढंच?" ते चक्क हसले. "बाई, आताच मी खाली याच विषयावर बोलून आलोय. तुमच्या परंपरांचा आम्हाला पूर्ण आदर आहे. पण आमची सगळी भांडी वाफेत निर्जंतुक होतात. त्यांच्यावर एक जंतू नसतो. तेव्हा आजीबाईंना समजावून सांगा, अडचण फक्त मनात आहे."

कॉरिडॉरच्या कडेला मोरीची खोली होती, दार सताड उघडं. आत मांडणीवर मशीनमधून नुकती निघालेली भांडी ओळीने ठेवलेली, अजून कोमट. मी आत गेले आणि चकचकीत स्टीलचं एक बेडपॅन उचललं. बाहेर आले, डॉक्टरांच्या हातातून कॉफीचा कप घेतला आणि ती सगळी कॉफी त्यात ओतली. दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरलं, पाहुण्याला धरतात तसं.

"प्या."

डॉक्टर एक पाऊल मागे गेले. "हा काय प्रकार आहे?"

"वाफेत उकळलंय. एक जंतू नाही. तुमच्या घरच्या कपापेक्षा स्वच्छ आहे. प्या ना."

"मूर्खपणा करू नका."

"घाण आहे का?"

"घाण नाही, पण—"

"पण काय?"

त्यांचं नाक आपोआप मुरडलं होतं, ओठ घट्ट मिटले होते. दारात सिस्टर ओलिंपिया येऊन उभी होती. लेलिया खाटेवरून मान काढून बघत होती.

"अडचण फक्त मनात आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "तुमचे हात बांधू का? नाकातून घालू?"

मग अर्थातच गार्ड आला. मला दंडाला धरून जिन्यावरून खाली नेलं. हॉलसमोरून जाताना फोटोवाली बाई तिथेच होती. तिने या वेळी फोटो मागितला नाही. गार्डने फाटकाबाहेर सोडताना सांगितलं की मी हिंसक आहे आणि मला इथे परत सोडायचं नाही असा आदेश आहे. कॉफीचा एक थेंब मी कुणावर सांडला नव्हता.

संध्याकाळी मी फाटकाबाहेर गवतावर बसले होते. आमचे पुरुष माझ्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला. वस्तीतून कुणीतरी कोंबडीचं सूप पाठवलं होतं, पण आत न्यायला कुणी नव्हतं. तेवढ्यात सिस्टर ओलिंपिया आली, गणवेशावर कोट टाकून, सुजलेल्या पायांनी लंगडत. माझ्यासमोर उभी राहिली.

"टरफल काढायचं नाही. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग हे मला काल सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं."

"हो," ती म्हणाली. "सांगितलं होतंस." मग तिने हात पुढे केला. "दे ते सूप. चमचापण दे. नियम मी बघते." मी भांडं आमच्या स्वच्छ फडक्यात बांधून दिलं आणि म्हटलं, हे छातीशी धरून न्या, खाली कमरेशी लोंबकळत नको. तिने काही न विचारता ते छातीशी धरलं आणि तशीच आत गेली.

झांबिला जेवली. नळी घालावी लागली नाही. मनोविकाराचे डॉक्टर आले ते तिच्याशी हंड्यांच्या गप्पा मारून गेले, म्हणे एक हंडा पण ठरवून गेले. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलने प्रत्येक वॉर्डात एक निळा आणि एक लाल टब आणला, वरच्या अंगाला निळा, खालच्या अंगाला लाल. त्या टबांबरोबर डॉक्टर पावेलेस्कूंचा फोटो गावच्या पेपरात आला. ओलिंपियाने मला नंतर सांगितलं की संध्याकाळी दोन्ही टब एकाच हौदात, एकाच ब्रशने घासतात. ती रोज भांडते. अजून तरी एकच ब्रश आहे.

पण मी एकट्या हॉस्पिटलवर राग काढून मोकळी होणार नाही. घरी काय झालं तेही सांगते. मी सासऱ्यासमोर ते बोलले होते आणि भर कॉरिडॉरमध्ये ते भांडं हातात धरलं होतं. इस्पासने फर्मान काढलं, वस्तीतले जाणते बसून निवाडा करेपर्यंत मी विटाळलेली. माझं ताट वेगळं, अंगणातल्या हातपंपाशी पालथं घातलेलं. मी शिजवलेलं कुणी खायचं नाही. मी कोपऱ्यात बसून एकटी जेवायची.

"थोडे दिवस गं," त्राइयान म्हणाला. "बाबा म्हणतात तसं करू."

"तुझी आई जिवंत आहे, त्राइयान."

"ते खरंच आहे. पण तू ते भांडं हातात धरलंस."

"आणि तुम्ही हातात काय धरलं होतं? टोप्या."

तो निघून गेला. मी पंपाशी बसून ताट घासलं, घासलेलंच पुन्हा घासलं. रडले नाही. इतका राग असला की रडू येत नाही.

झांबिला रविवारी घरी आली. व्हॅनमधून तिला दोघांनी उचलून उतरवलं, पायाला पट्टी, अंगाने निम्मी झालेली. पण अंगणात पाऊल टाकल्याबरोबर आवाज परत आला. "हा हंडा कुणी ठोकला? गाढवाने बसून ठोकलाय का?" सगळे हसले. टेबल अंगणातच मांडलं होतं. पुरुष बसले, तिला मानाने मध्ये बसवलं. कोबीच्या पानात गुंडाळलेले खिम्याचे सारमाले, मामालिगा, सूप, आणि तिला आवडतात म्हणून उकडलेली अंडी. मी पंपाशी उभी होते.

झांबिलाने चमचा उचलला आणि परत ठेवला. "ते ताट तिथे पालथं का आहे?"

चुलते आपापल्या ताटात बघायला लागले. शेवटी इस्पास म्हणाला, "तुला माहीत नाही ती काय बोलली. कुणासमोर बोलली. तुझ्याबद्दल बोलली."

"मला माहीत आहे काय बोलली. मी आत होते, बहिरी नव्हते. तू काय बोललास तेही ऐकलं." तिने त्याच्याकडे बघितलं. "म्हातारी आहे, हट्टी आहे."

"मिंद्रा, इकडे ये," झांबिला म्हणाली. मी गेले. चुलत्यांनी आपली ताटं जराशी मागे ओढली, ते मला दिसलं. झांबिलानेही बघितलं. तिने वाडग्यातलं एक अंडं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"सोल."

"आई, नको. टरफल काढलं की..."

"सोल म्हटलं ना. हात आहेत की लाकडं?"

मी सोललं. सगळ्यांसमोर, या विटाळलेल्या हातांनी, एकेक टरफल काढून. अंगणात कुणी हललं नाही. पांढरं, उघडं अंडं मी तिच्या हातावर ठेवलं. झांबिलाने ते तोंडाजवळ नेलं, चावून अर्धं तोडलं, आणि सावकाश खाल्लं. मग उरलेलं अर्धं तिने हात लांब करून इस्पाससमोर धरलं.

"खा," ती म्हणाली. "नाहीतर उद्यापासून माझं ताटपण पंपाशी पालथं घाल."

माझा सासरा माझ्याकडे बघत नव्हता. तो त्या अंड्याकडे बघत होता. झांबिलाचा अशक्त हात हवेत तसाच होता, खाली येत नव्हता. शेवटी त्याने अंडं घेतलं आणि तोंडात टाकलं.

मी समोरच उभी होते. त्याने चावलं, आणि तो घास गिळेपर्यंत मी त्याच्यावरची नजर काढली नाही.